अश्वजितला दिलेलं उत्तर

पोलादपूर
शुक्रवार

प्रिय आमू,

तुझे फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. तुला वाटत असेल, लाजतेय. आईलाही तसंच वाटतंय. फोनवर तू हसलीस की मीही हसते आणि बोलायचं ते राहून जातं. आपलं आजवर असंच झालंय, म्हणून या वेळी लिहिते आहे.

रविवारी काका, काकू आणि अश्वजित आमच्याकडे मला बघायला येऊन गेले, ते तुला कळलंच असेल. आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. शेजारच्या मैनाकाकींकडून नव्या कपबश्या आणल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कितीतरी आधीपासून दारात उभे. पण काकूंनी मला पाहुण्यांसमोर बसूच दिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात आल्या, माझ्या हातातली कढई घेतली आणि म्हणाल्या, हिला काय बघायचं, ही आमच्याच घरात वाढलीय. खोटं नव्हतं ते. शाळेपासून बारावीपर्यंत, पोलादपूरची एसटी चुकली की मी महाडला तुमच्याकडेच. काकू न विचारता माझं ताट वाढायच्या. मग बोलता बोलता त्यांनीच सांगितलं की ही कल्पना तुझी. पुण्याहून तूच त्यांच्या मागे लागलीस. 'दादासाठी गौतमीच, दुसरी कोणी मला चालणार नाही,' असं म्हणालीस म्हणे. मी पोहे परतत होते. सगळे खुशीत होते आणि मला वाटत होतं, दार कोणीतरी बाहेरून लावलंय.

तुला आठवतं का, पुराच्या वर्षी तुमच्या घरात माडीच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आलं होतं? पाणी ओसरल्यावर मी एका टेम्पोतून महाडला उतरले होते. दिवसभर आपण घमेल्याने चिखल काढला. संध्याकाळी पायरीवर बसलो आणि तू माझ्या खांद्यावर तशीच झोपलीस, केसांत चिखल घेऊन. माझा हात बधीर झाला तरी मी हलले नाही. अश्वजित पिण्याचं पाणी घेऊन आला, आपल्याला बघितलं, आणि बाटली हळूच खाली ठेवून गेला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, माझं काय झालंय ते. भीतीही तेव्हाच वाटली.

मग अकरावीत ती जपानी कार्टून मालिका. अश्वजितच्या जुन्या फोनवर, माडीवर पालथं पडून बघायचो. खालचं इंग्रजी मला झेपायचं नाही, म्हणून तू मराठीत सांगायचीस, दोन्ही मुलींचे वेगळे आवाज काढून. शाळेत जाणाऱ्या, घरी परतणाऱ्या त्या दोघी. भाग संपत जायचे आणि त्यांच्यात काही म्हणजे काही घडायचं नाही. तू वैतागायचीस. एकदा म्हणालीस, 'काय गो ह्या, एकदाचं बोलून का टाकत नाहीत?' मी म्हटलं, बोलल्यावर बिघडलं तर दोघींना जायला दुसरी जागा नसेल. तू फोन थांबवलास. माझ्याकडे बघत राहिलीस. तू काहीतरी विचारणार असं मला वाटलं, तेवढ्यात काकूंनी चहाला हाक मारली. त्यानंतर ती मालिका आपण पुढे बघितलीच नाही. कंटाळवाणी आहे, म्हणालीस. तुला कळलं म्हणून थांबवलीस की खरंच कंटाळलीस, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतेय.

रविवारपासून आई माझ्याकडे बघून नुसती हसते. कालही म्हणाली, 'असा पोरगा दिवा घेऊन शोधलास तरी नाय मिळायचा गो.' तिचं चुकत नाही. शिक्षकाची नोकरी, व्यसन नाही, घर आपल्यातलं, माणसं जीव लावणारी. नकाराला कारण लागतं आणि माझ्याकडचं कारण या घरात उच्चारता येत नाही. हो म्हणावं, तर तू दिवाळीला घरी येशील, मला मिठी मारशील आणि चार दिवसांनी जाशील. उद्या तुझं लग्न ठरेल तेव्हा तुझ्या बॅगा मीच भरायच्या. नाही म्हणावं, तर तुमचं दार मला बंद. खरं सांगू? मी हो म्हणणारच होते. निदान सणासुदीला तू दिसशील म्हणून. महाडच्या कंपनीत कामावर नमुने तपासताना मी मनातल्या मनात तुमच्या घरात राहायलाही गेले होते.

काल अश्वजितने भेटायला बोलावलं. कामावरून सुटल्यावर तळ्याच्या काठी बसलो. तो बराच वेळ शाळेतल्या मुलांचं काहीबाही सांगत होता. मग एकदम म्हणाला, "आमूसाठी तू आमच्या घरी येशील, हे मला माहीत आहे. माझ्यासाठी येशील का?"

आमू, इतकं सरळ मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. खोटं बोलायची सगळी तयारी होती, पण या प्रश्नासाठी नव्हती. मी नाही म्हटलं. माझ्या मनात एक माणूस आहे, एवढंच सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो उठून गेला नाही. त्या माणसाला माहीत आहे का, असं त्याने विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, "मग आधी त्याला सांग. रविवारपर्यंत मी घरी काही बोलत नाही." तो 'त्याला' म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही.

म्हणून हे पत्र. तो माणूस म्हणजे तू. पुण्याला उद्या आमच्या शेजारचा अरविंद येतोय, त्याच्या हाती देते, म्हणजे रविवारच्या आधी तुला मिळेल. मग अश्वजित घरी सांगेल, काकू रडतील, आणि हिच्या मनात कोण आहे गं, असं तुलाच विचारतील. काय सांगायचं ते तू ठरव. मी इथेच आहे, सकाळी महाड आणि संध्याकाळी पोलादपूर. तू काही उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन. फक्त रागाने किंवा गमतीने, कधीही, मला वहिनी म्हणू नकोस. ते मी नाही सोसू शकणार.

तुझीच, आता सांगून,
गौतमी