कुंडल स्टँडसमोरील अभिनंदनाचा फलक उतरवण्याबाबत

दिनांक : १४ जुलै २०२५
मु. पो. कुंडल, ता. पलूस, जि. सांगली

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
परदेश शिक्षण सहाय्य कक्ष,
सांगली.

विषय : कु. शिवांजली अर्जुन सावंत हिच्या अभिनंदनाचा फलक उतरवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) शिष्यवृत्ती नाकारल्याचे पत्र मिळावे यासाठी मी केलेले यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) फलक 'जैसे थे' ठेवण्याबाबत आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. कुंडल येथील एस.टी. स्टँडसमोर चहाच्या टपरीवर माझ्या मुलीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स गेल्या वर्षीपासून लावलेला आहे. त्यावरचा पिवळा रंग आधी गेला. मग गुलाबी फिका होत गेला. निळा आणि काळा अजून टिकून आहेत. त्यामुळे फलकावरील सर्व मान्यवरांचे चेहरे सध्या निळसर दिसतात. मजकूर काळ्या अक्षरांत असल्यामुळे तो मात्र रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतो. मी पलूसला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून रंग जाण्याचा हा क्रम लक्षात आला. मजकूर असा आहे : 'परदेशी शिक्षणासाठी शासनाची शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल कुंडलची कन्या कु. शिवांजली हिचे हार्दिक अभिनंदन.'

अशी शिष्यवृत्ती तिला मिळालेली नाही. हे आपणांस माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. ते कागदावर यावे, एवढ्यासाठी मी वर्षभर आपल्या कार्यालयात येत आहे.

२. माझे माहेर वाईचे. तेथे नदीकाठच्या एका लहान देवळात भिंतीवर जुनी चित्रे आहेत. शिवांजली लहानपणी सुट्टीत तेथे जाई आणि दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा काय कमी झाले ते मला दाखवी. एका वर्षी मोराची मान गेली होती, एका वर्षी होडी. बारावीनंतर जुनी रंगद्रव्ये आणि त्यांचे जतन या विषयाच्या पदवी अभ्यासक्रमाला तिला परदेशातील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. हा विषय पहिल्या पदवीपासून शिकवणारे महाविद्यालय आपल्याकडे मला सापडले नाही. आपणांस माहीत असल्यास मी अजूनही ऐकण्यास तयार आहे.

३. त्यानंतर आम्ही पैसे कोठून मिळतील ते शोधले. शासनाच्या ज्या योजना मी वाचल्या, त्या पदवीनंतरच्या शिक्षणासाठी होत्या. विद्यापीठाने फीमध्ये सवलत दिली, परंतु राहण्याजेवणाचे काय, याचे उत्तर दिले नाही. माझे पती सैन्यात आहेत. त्यांच्याकडील कल्याण निधीतून फक्त देशातील शिक्षणासाठी मदत मिळते, असे कळवण्यात आले. सांगलीच्या एका मार्गदर्शन मेळाव्यात मुख्य वक्त्यांनी पहिली पदवी इथेच करावी असा सल्ला दिला आणि टाळ्या झाल्या. शेवटी साताऱ्याचा कृष्णातीर शिक्षण निधी हा एकच विश्वस्त निधी असा सापडला, जो पहिल्या पदवीसाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा पूर्ण खर्च करतो. त्यांची अट एकच : उमेदवारास शासनाकडून मदत मिळालेली नसावी.

ही अट आम्ही पूर्ण करत होतो. तरीही आपल्या कार्यालयातील लिपिकांनी, "देऊन ठेवा, कुठं काय बिघडतंय," असे सांगितल्यामुळे मी आपल्याकडेही एक अर्ज दिला. तो स्वीकारून त्यावर आवकचा शिक्का मारण्यात आला.

४. आमच्या गावात फलक आधी लागतो आणि काम नंतर होते. सैन्यभरतीत मुलगा धावण्याची चाचणी देऊन आला की वैद्यकीय तपासणीच्या आधी त्याचा फलक लागतो. बहुतेक वेळा पुढे भरतीही होते, म्हणून या पद्धतीवर लोकांचा विश्वास आहे. माझ्या जावेचा मुलगा शंभूराज याने आवकच्या शिक्क्याचा फोटो पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी फलक लावला. मी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "काकी, फ्लेक्स लागला की सायबास्नी पण न्हाई म्हणाय जड जातंय." फलकावर तालुक्यातील चौदा मान्यवर आहेत. आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांचा फोटो 'मार्गदर्शक' म्हणून मधोमध आहे. शिवांजलीचा फोटो खाली उजवीकडे आहे.

शंभूराजचे म्हणणे पुढे अक्षरशः खरे ठरले.

५. त्याच आठवड्यात गावाने सत्कार ठेवला. आपल्या आधीचे साहेब त्यास उपस्थित होते. त्यांनी फेटा बांधून घेतला व मुलींच्या शिक्षणावर भाषण केले. शिष्यवृत्ती मंजूर नाही, हे मी त्यांना व्यासपीठाच्या पायरीजवळ हळू आवाजात सांगितले. ते म्हणाले, "होईल, होईल." त्यानंतर त्यांची बदली झाली.

६. कृष्णातीर निधीने मुलाखतीस बोलावले. सर्व सदस्य सौजन्याने वागले. एका सदस्याने मोबाईलमध्ये आमचा फलक दाखवला आणि अभिनंदन केले. मी वस्तुस्थिती सांगितली. त्यांनी ती मान्य केली, परंतु मदत मिळालेली नाही असे आपल्या कार्यालयाचे पत्र आणावे असे सांगितले. ही मागणी मला योग्य वाटली. मी त्यांच्या जागी असते तर हेच मागितले असते. एका ओळीच्या पत्रावर मुलीचे जाणे ठरणार होते, आणि ते पत्र मिळणे मला त्या वेळी अवघड वाटले नाही.

७. त्यानंतर आपल्या कार्यालयाकडून मला जे सांगण्यात आले ते असे. योजना पदवीधरांसाठी आहे. बारावी उत्तीर्ण मुलीचा अर्ज हा योजनेखालील अर्ज होत नाही. जो अर्जच नाही, तो नाकारता येत नाही. मी विचारले की मग नाकारण्यायोग्य अर्ज कसा करावा. त्यावर पदवी प्रमाणपत्र जोडून त्रुटी पूर्ण करावी, म्हणजे अर्ज नाकारता येईल, असे लेखी कळवण्यात आले. ज्या पदवीसाठी ती जाऊ इच्छित होती तीच पदवी मी कोठून जोडावी, असे मी उलट टपाली विचारले. त्या पत्राचे उत्तर आलेले नाही.

मग मी फक्त 'मदत दिलेली नाही' एवढे प्रमाणपत्र मागितले. तेव्हा फलकाचा विषय निघाला. कार्यालयाचा अधिकारी ज्या फलकावर आहे, त्याच्या विरुद्ध प्रमाणपत्र देण्यापूर्वी चौकशी आवश्यक असल्याचे कळवण्यात आले. माझे सासरे, निवृत्त सुभेदार लालासाहेब सावंत, त्याच संध्याकाळी शिडी घेऊन फलक काढण्यास गेले. ते अर्धे वर चढले असताना शंभूराज घरी नुकतेच आलेले आपल्या कार्यालयाचे पत्र घेऊन आला. फलक हा चौकशीतील पुरावा असल्याने तो 'जैसे थे' ठेवावा, असे त्यात होते. सासऱ्यांनी आयुष्यात लेखी आदेश मोडलेला नाही. ते खाली उतरले.

गावातील लोक शिवांजलीला अजून विचारतात की कधी निघालीस. ती आता स्टँडवर न जाता पुढच्या थांब्यावर चालत जाऊन एस.टी. पकडते.

८. विद्यापीठाने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून दिला. तो पुन्हा ढकलता येत नाही. कृष्णातीर निधीने तिची जागा या महिन्यापर्यंत राखून ठेवली; याहून अधिक त्यांनी काय करावे हे मला सुचत नाही. गेल्या सोमवारी मी, शिवांजली व माझे सासरे आपल्यासमोर आलो, हे आपणांस आठवत असेल. सासरे खुर्ची असूनही उभे राहिले. आपण फाईल पाहिली आणि प्रकरण खरोखर दुर्दैवी असल्याचे सांगितले. मी विनंती केली की पत्र देता येत नसेल तर आपण निदान तोंडाने 'नाही' म्हणावे. आपण म्हणालात की तसा अधिकार आपणांस नाही, बैठकीत ठेवू. बैठक कधी, हे ठरलेले नाही.

९. म्हणून यापूर्वीची नकारपत्राची मागणी मी या अर्जाने सोडत आहे. आता एवढीच विनंती आहे की फलक उतरवण्यास परवानगी द्यावी. पुराव्यासाठी त्याचे फोटो आपल्याकडे आहेत, आणि त्यांतील रंग मूळ फलकापेक्षा चांगले आहेत.

१०. मागणी सोडण्याचे कारण नोंदवणे आवश्यक आहे. त्या सोमवारी परतताना एस.टी. थेट स्टँडवर थांबली व आम्हांला फलकाखालीच उतरावे लागले. सासरे वर पाहत उभे राहिले. शिवांजली सहसा तिकडे पाहत नाही. त्या दिवशी तिने पाहिले. वर्षभर जो निर्णय मी आपल्याकडून, निधीकडून व विद्यापीठाकडून मागत होते, तो तिने तेथे, टपरीवरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला. तिचे शब्द मी तिच्याच बोलीत देत आहे :

"आई, कुणीच न्हाई म्हणत न्हाई. मग मीच म्हणते. मी जात न्हाई."

आपली नम्र,

(सही)
सौ. हेमलता अर्जुन सावंत