दार उघडं ठेवण्याची अट

२७ जानेवारी, सोमवार

संकल्प: यंदा प्रोफेसर व्हायचंच. आमचे विभागप्रमुख उन्हाळ्यात रिटायर होतायत. खुर्ची माझीच आहे, फक्त नावावर एक दणदणीत संशोधन हवं. दाढी करताना विषय सुचला: ‘कैद्यांची मनःशांती’. तुरुंगात आठ व्याख्यानं. वक्ता अस्मादिक. प्रत्येक व्याख्यानानंतर श्रोत्याने आपली शांती दहापैकी किती ते सांगायचं.

कॉलेजातली पोरं पाच मिनिटं बसत नाहीत. कैदी आयतेच बसलेले. (हे प्रस्तावात लिहायचं नाही.)

२९ जानेवारी

हिला सांगितलं. म्हणाली, त्या बिचाऱ्यांना झालेली शिक्षा कमी पडली का? दुर्लक्ष केलं. मोठ्या कामात घरचेच पाय ओढतात.

सासूबाईंवर पहिल्या व्याख्यानाची रंगीत तालीम केली. दहाव्या मिनिटाला घोरायला लागल्या. उत्तम परिणाम.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नीतिसमितीपुढे गेलो. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बाई. शेजारी एक सायकल दुरुस्तीवाला. हा स्वतः सहा वर्षं आत राहून आलेला. कैद्यांवरच्या संशोधनात कैद्यांच्या बाजूचं कुणीतरी समितीत लागतं म्हणे. मी ‘धोका’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं. सायकलवाल्याने विचारलं, भाषण किती वेळ? म्हटलं, दीड तास. तो म्हणाला, मग ‘आहे’ लिहा.

बाईंच्या अटी ऐकून घ्याव्यात! हॉलचं दार उघडं ठेवायचं. पहारेकरी आत नको. ज्याला वाटेल त्याने मध्येच उठून जावं, का म्हणून विचारायचं नाही. ऐकल्याबद्दल रजेत किंवा सुटकेत काडीचा फायदा नाही, हे सगळ्यांना साध्या भाषेत तोंडावर सांगायचं. कोणाला कसला शब्द द्यायचा नाही. आणि यापायी कोणाचं रोजचं काही बुडता कामा नये.

वर म्हणतात, ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या ‘हो’ला काय अर्थ? मला आमचं लग्न आठवलं. सह्या ठोकल्या.

खरं तर दाराची अट माझ्या पथ्यावरच. उघड्या दारातूनसुद्धा कोणी हलणार नाही, तेव्हा बाईंचं तोंड बघण्यासारखं होईल.

७ फेब्रुवारी

तुरुंग अधीक्षकांना भेटलो. लगेच दोस्ती! अर्धा तास मी बोललो, ते फाईल वाचत ऐकत होते. केवढी एकाग्रता. चहा दिला. निघताना दोनदा ‘हो हो’ म्हणाले. आता तिथे आपला शब्द चालणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलं व्याख्यान. हॉल गच्च. आधी अटी वाचून दाखवल्या. ‘रजेत फायदा नाही’ इथे पोचलो आणि एकदम बाकं सरकल्याचा आवाज. मान वर केली तर अर्धा हॉल रिकामा. आणखी काही जण दीर्घ श्वसनाच्या वेळी गेले. डोळे मिटायला सांगणं ही माझी चूक.

असो. फोलपटं उडाली, दाणे राहिले.

१८ फेब्रुवारी

चार दाणे. पैकी एक झोपलेला. झोपलेला माणूस उठून गेलेला नसतो, म्हणून धरला.

वारा येत होता म्हणून दार नुसतं लोटलं. बाहेरच्या पहारेकऱ्याने पायाने परत उघडलं. म्हणाला, ऑर्डर आहे. वर हसला. नंबर टिपून ठेवला पाहिजे याचा.

२५ फेब्रुवारी

एकच उरला. झोपणारा मध्येच जागा झाला, इकडे तिकडे बघितलं, सॉरी म्हणाला आणि गेला.

उरलेल्याला सगळे शिंपी म्हणतात. तुरुंगाच्या शिवणखात्यात गणवेश शिवतो. शांती दहापैकी दहा! असा एक श्रोता शंभरांना भारी.

व्याख्यानानंतर घुटमळला. म्हणाला, साहेब, पोरीचं पहिलं बाळंतपण आहे पुढच्या महिन्यात. तिला आई नाही. रजेचा अर्ज वर पडलाय. अधीक्षकसाहेबांच्या कानावर घालाल का?

आता नियमाप्रमाणे ‘नाही बाबा, तसं चालत नाही’ म्हणायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण विचारता विचारता तो दाराकडे बघत होता. हा गेला की संशोधनच गेलं. म्हटलं, घालतो की! साहेब आपलेच आहेत.

हे आमिष नव्हे. ही माणुसकी. समितीला माणुसकीसाठी रकानाच नाही.

२७ फेब्रुवारी

उद्या अधीक्षकांशी बोलायचं.

१ मार्च

अशा गोष्टींना प्रसंग लागतो. उठसूट जाणं बरं दिसत नाही.

४ मार्च, मंगळवार

शिंपी हजर. दहापैकी दहा. आज कळलं, मंगळवारी त्याच वेळेला त्यांना घरचा फोन असतो. पोरीचा फोन सोडून तो माझ्यापुढे बसतो! काय ही ज्ञानाची ओढ!

घरी अभिमानाने सांगितलं. हिने लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, अहो, ती दिवस भरत आलेली पोर तिकडे फोन धरून ताटकळतेय, आणि हा तुमच्या शांतीसाठी बसलाय होय? काय शब्द दिलाय तुम्ही त्याला?

हिला कसं कळलं, देव जाणे. म्हटलं, संशोधन गोपनीय असतं. म्हणाली, चुलीत घाला ते संशोधन, आणि त्याला खरं सांगा.

११ मार्च

खरं सांगायचं ठरवूनच गेलो. तोंड उघडणार, तोच शिंप्याने माझे पाय धरले. रजा मंजूर! रजा देणाऱ्या बोर्डाची बैठक झाली म्हणे. साहेब, तुमचे उपकार, म्हणत रडत होता.

आता, मी अधीक्षकांशी बोललो नव्हतो हे खरं. पण बोलण्याचा माझा पक्का विचार होता, त्याला काहीच किंमत नाही? म्हटलं, असू दे, असू दे. रडणाऱ्या माणसाला दुरुस्त करत बसणं क्रूरपणा झाला असता.

१८ मार्च, मंगळवार

हॉल ओसंडून वाहतोय! भिंतीला टेकून उभे, खिडकीत बसलेले. मी घसा खाकरला तर टाळ्या. व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांची शांती दहापैकी दहा. जाताना एकाने जामिनाचे कागद दिले, एकाला बरॅक बदलून हवी होती.

म्हणतात ना, भगवान के घर देर है. नव्या खुर्चीसाठी उशी बघितली.

१९ मार्च

बाईंनी बोलावलं. सायकलवाल्याच्या कानावर गेलंय: त्या सरांचं भाषण ऐका, रजा मिळते. प्रोजेक्ट आजपासून बंद.

तेवढ्यावर भागलं नाही. शिंप्याची रजा चौकशी होईपर्यंत थांबवलीय. वशिल्याने मिळाली असेल तर रद्द. पोर आज-उद्याच बाळंत होईल. बाईंनी सरळ विचारलं, तुम्ही शब्द टाकला होता का?

विचार करायला दोन दिवस मागून घेतले. ‘हो’ म्हणावं तर शिंपी मेला. ‘नाही’ म्हणावं तर खोटा शब्द दिल्याचं उघडं पडून मी.

संध्याकाळी मधला मार्ग काढला: ‘माझा प्रभाव सर्वसाधारण नैतिक स्वरूपाचा होता.’ हिला वाचून दाखवलं. ती चिडली नाही. नुसती म्हणाली, त्या पोरीला आई नाही, आणि बाप तुम्ही अडवून ठेवलाय.

लाज वाटली. खूप वाटली. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

२१ मार्च, शुक्रवार

समितीपुढे उभं राहून सगळं ओकलो. शब्द दिला. पाळला नाही. फुकटचे पाय धरून घेतले. माझ्यामुळे त्याला काहीही मिळालेलं नाही, पोरीचे फोन तेवढे बुडाले.

बाई म्हणाल्या, तुम्ही बोलला नाहीत याला पुरावा? तिथल्या तिथे अधीक्षकांना फोन लावला, स्पीकरवर. या प्राध्यापकांचं तुमच्याकडे काही वजन आहे का?

अधीक्षक म्हणाले, कोण?

बाईंनी माझं वर्णन केलं. पलीकडे फाईल चाळल्याचा आवाज. मग म्हणाले, हां हां, ते पंखे दुरुस्तीवाले! पंखे अजून बंदच आहेत, सांगा त्यांना.

सायकलवाल्याला खोकल्याची उबळ आली, तो बाहेर गेला. बाईंनी लिहिलं: प्रभाव शून्य. अधीक्षकांनी शिंप्याची रजा जागच्या जागी पुन्हा लागू केली. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं निर्विवाद सिद्ध झालेलं संशोधन हेच. विभागप्रमुखांना कळवलंय म्हणे. खुर्चीचं विसरलेलं बरं.

बाईंनी शिंप्याची समोरासमोर माफी मागायला सांगितलं. फाटकाशी गाठलं. हातात पिशवी, अंगात स्वतः शिवलेला सदरा. सगळं सांगितलं. अधीक्षकांशी बोललोच नव्हतो, तू उठून जाशील म्हणून घाबरलो होतो, हेही.

त्याने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, म्हणजे पोरीचे ते फोन उगाच गेले?

म्हटलं, हो.

खाली बघून मान हलवली. पिशवी उचलली, दोन पावलं गेला, परत आला. साहेब, एक विचारू? रजा संपवून आलो की उरलेली भाषणं ऐकावी लागतील का?

म्हटलं, नाही रे, बंद झाली ती. कायमची.

त्याने पिशवी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. रजेची बातमी सांगतानासुद्धा एवढा हसला नव्हता.