न झिजणारी पेन्सिल

शिरूर, शनि. १२ नोव्हेंबर १९६६
पाटीवरची पेन्सिल झिजत नाही, ही माझी गंभीर तक्रार आहे. दसऱ्याच्या आधीपासून एकच पेन्सिल. पूर्वी आठवड्याला एक लागे. इतका टिकाऊ माल विकल्याबद्दल दुकानदारावर वर्तमानपत्रात दोन ओळी लिहाव्यात असं सौ.ला म्हणालो. एरवी तिनं दुकानदाराची बाजू घेतली असती. नुसतं ‘हं’ म्हणाली.

लग्नापासूनची रीत. सकाळी चुलीशेजारच्या पाटीवर मी श्लोकाचा एक चरण लिहून बाहेर पडायचं, संध्याकाळपर्यंत तिनं खाली दुसरा जोडायचा. मी पाठशाळेत बारा वर्षं घासली; ती दाराआडून बापाचं ऐकून शिकली. एकदा दौंडची मोटार वाटेत रखडली, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी लिहिलं होतं: ‘शनैः शनैर्याति बसः पुरस्तात्’, बस हळूहळू पुढं सरकते. घरी येतो तो खाली: ‘मागून धक्का मग कोण देतो?’ वृत्तात. आदल्या दिवशीच्या माझ्या धोतराला चिखल होता, तो तिनं आधीच हेरलेला.

आषाढापासून पाटी अर्धीच राहते. माझा चरण मीच पुसतो.

बुध. १६ नोव्हें.
पुतणी कुसुमचं पत्र. पुण्याला प्रयोगशाळेत मेंदूवर काम करते. (आमच्या घराण्यात तो अवयव प्रथमच उपयोगात येत आहे.) मी सौ.च्या गोळ्या आणायला रविवारी दौंडला जाणारच आहे, तर खाटकाकडून मेंढीचा मेंदू आणावा, बर्फात, अख्खा. पुण्याचा खाटीक डोकं फोडताना चटणी करतो, दौंडच्याचा हात हलका. ती फलाटावर भेटेल.

पत्र सौ.ला वाचून दाखवलं. मी आणि मेंदू! दहा वर्षांपूर्वी यावर तिनं आठवडाभर खाल्लं असतं मला. म्हणाली, ‘थर्मास वरच्या फळीवर आहे.’

रवि. २० नोव्हें., रात्री
सगळं लिहून काढतो, क्रमानं.

खाटीक तुकाराम. जानवं, शेंडी आणि थर्मास असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नसावं. ‘शास्त्रीबुवा, खायाचं हाय का बघायचं?’ म्हटलं, बघायचं. ‘मंग बरं. खायाचं असतं तर जरा कोवळं दिलं असतं.’ कवटी अशी उघडली की मला पोथीचं बासन सोडणारे गुरुजी आठवले. बर्फ वरून, बर्फ खालून.

फलाटावर कुसुमनं झाकण उघडून पाहिलं, खूश झाली. कशाला हवा विचारलं. म्हणाली, मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक द्रव्य असतं. ते तयार करणाऱ्या पेशी अगदी खाली, देठात, मधल्या रेषेवर बसतात. परदेशात कुणी काप विशिष्ट उजेडाखाली धरले तेव्हा त्या पिवळ्या उजळल्या. तिथून धागे सगळीकडे जातात. पण द्रव्य पोचल्यावर त्याला घेतं कोण, ते घेणारे नेमके कुठं कुठं बसलेत, हे अजून कुणाला धड ठाऊक नाही. ‘पाठवणारा सापडलाय काका, घेणारे शोधायचेत.’

मी नेहमीप्रमाणे पूर्वजांना मध्ये आणलं. सर्पगंधेच्या मुळीवरचा, वर्तमानपत्रातला माझा लेख तिला सांगितला, आणि ऐटीत जोडलं की काकूच्या रक्तदाबावर डॉक्टर विलायती गोळ्या देतात, पण मी आपली वैद्यांची सर्पगंधा रोज सकाळी मधातून देतो. डॉक्टरांना बोललो नाही, उगाच वाद.

ती हसली नाही.
‘कधीपासून?’
‘ज्येष्ठापासून.’
गोळ्यांची बाटली मागून घेतली, नाव वाचलं. ‘काका, ही गोळी त्याच मुळीची आहे.’

गाडीला अजून वेळ होता. सावकाश सांगितलं तिनं. त्या मुळीनं हे द्रव्य पेशींतून गळून जातं. घेणारे आपापल्या जागी बसलेले असतात, त्यांच्यापर्यंत काही येत नाही. प्रयोगशाळेत उंदरांना देतात. उंदीर कोपऱ्यात कुबड काढून बसतात, पापण्या उतरतात, डिवचलं तरी हलत नाहीत.

मग विचारलं, ‘काकू कशी आहे?’

गाडी आली. थर्मास तिच्याबरोबर गेला. मी परत डॉक्टरांकडे. ते रागावले नाहीत, त्यापेक्षा वाईट – चष्मा काढून पुसत बसले. चूर्ण बंद. गोळी बदलली. फरक पडायला आठवडे लागतील, महिनेही. दाब वर जाणार नाही ना, यावर डोळा ठेवायचा.

सोम. २१
सौ.ला सांगितलं. सगळं. मुळी, गोळी. उंदीर तेवढे सोडून. ‘बरं,’ म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

चूर्णाची डबी घोडनदीत. पूर्वजांची क्षमा मागितली नाही.

रवि. ४ डिसें.
दाब ठीक. झोप कमी. बाकी काही नाही. दुपारी तिच्या पापण्यांकडे पाहत होतो, तर म्हणाली, ‘काय पाहता?’ मी वर्तमानपत्र उचललं.

तिच्या हसण्याची सुरुवात नाकातून व्हायची. हे मी कुठं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून इथं.

रवि. १८ डिसें.
सकाळी पाटीवर जुनाच चरण लिहिला, मोटारीचा. संध्याकाळी खाली एक उभी रेघ. ‘मागून’च्या ‘म’ची सुरुवात असेल, किंवा टोक चालतं का पाहिलं असेल. विचारलं नाही. पुसलंही नाही.

आता खरं लिहितो. आषाढात ती गप्प झाली तेव्हा पहिले दोन महिने मला बरं वाटलं होतं. चुका काढणारं कोणी नव्हतं, लेख भराभर होत होते. वयानुसार शांत झाली असं मीच वैद्यांना सांगितलं, आणि चिमूट वाढवली.

औषध उतरेल. द्रव्य परत भरेल, कुसुम तसं लिहिते. मला भीती आहे ती एवढीच, की सगळं जागच्या जागी येईल आणि तरी तिला माझ्या ओळीखाली काही लिहावंसं वाटणार नाही.