कॉलेजसमोरची खाणावळ आणि न चाखलेली आमटी

आप्पा,

तुमच्या गाळ्यात आता पिझ्झा मिळतो. जिथे तुमची भट्टी होती तिथे काचेचं कपाट आहे, त्यात केकचे तुकडे मांडलेत, आणि पोरं-पोरी सोफ्यावर पाय दुमडून बसतात. एक कॉफी मागवतात आणि अख्खी दुपार काढतात. त्यांना कुणी उठवत नाही. मागच्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने गंगापूर रोडला गेले होते म्हणून आत डोकावले, तर उभ्या उभ्या माझं डोकं असं तापलं की काउंटरवरच्या मुलीने मला पाणी विचारलं. मला पाणी नको होतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि तुम्ही तर नेहमीप्रमाणे भांडण अर्धवट टाकून निघून गेलेले. तुम्हाला जाऊन एक तप उलटलं, तरी माझ्या बाजूचं बोलणं अजून बाकी आहे. ते आज लिहून काढते.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतलं तुमच्या कारखान्याचं कँटीन कंत्राटदाराकडे गेलं आणि तुमच्यासारख्या जुन्या आचाऱ्यांना घरी बसवलं, तेव्हा मी बारावीला होते. आई रडली. तुम्ही मात्र दुसऱ्याच दिवशी सायकल काढलीत, अंबडहून थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलात आणि कॉलेजसमोरचा गाळा बघून आलात. त्या बाबतीत तुमची नजर बरोबर होती, हे मी मान्य करते. त्या रस्त्यावर तेव्हा खायला होतं काय? सकाळी मिसळ, फाटकाशी एक वडापावची गाडी, आणि संध्याकाळी पावभाजी, तीही पावसाळ्यात बंद. मालेगाव, सटाणा, दिंडोरीकडची पोरं खोल्या घेऊन राहायची, तीन-तीन दिवस केळी नि बिस्किटांवर काढायची. त्यांना पोळी-भाजी-आमटी-भात मिळाला तर ती तुमच्या पाया पडतील, असं तुम्ही आईला म्हणालात. पडलीच की. पहिल्या वर्षी गाळ्याबाहेर चपलांचा ढीग असायचा. मी त्याच कॉलेजात होते, गॅलरीतून तो ढीग बघायचे आणि माझी छाती फुगायची.

पण तुम्ही अंबड सोडलं तरी अंबडने तुम्हाला सोडलं नाही. घोडं तिथेच पेंड खात होतं. कँटीनमध्ये भोंगा व्हायचा, पाळी यायची, अर्ध्या तासात जेवून मशीनवर जायची, मग दुसरी पाळी. तुम्ही पोरांच्याही पाळ्या केल्यात. भोंगा नव्हता, म्हणून झारा पातेल्यावर वाजवायचात. पहिली पाळी उठली की फडकं मारायचं, दुसरी बसवायची, ती उठली की दार ओढून घ्यायचं. मग बाहेर कुणी का असेना. ज्यांचं प्रॅक्टिकल लांबलं, ज्यांना सरांनी थांबवून घेतलं, ती पोरं धापा टाकत यायची आणि बंद दारावर थाप मारायची. आत निम्मं पातेलं आमटी असायची. तुम्ही ती संध्याकाळसाठी झाकून ठेवायचात, पण दार उघडायचा नाहीत. सटाण्याचा एक उंच मुलगा होता, रसायनशास्त्राचा, कायम उशीर. तो मला मागच्या दाराशी गाठून त्याच्या अहिराणीत म्हणायचा, "ताई, काही शे का खावाले?" मी आत येऊन तुम्हाला सांगायचे. तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पंगत ती पंगत. एकाला उघडलं तर उद्या समदे उशिरा येतील."

"आप्पा, कॉलेजला भोंगा नसतो," मी म्हणायचे.

"म्हनून तर पोरं अशी ढिली हायेत," तुम्ही म्हणायचात, आणि तुमच्या दृष्टीने विषय संपायचा.

त्याच सुमाराला समोरच्या पिंपळाखाली एकाने प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या. कढई, नूडल्स, लाल-काळे सॉस, एक टेपरेकॉर्डर. त्याच्या खाण्याला चव नव्हती, हे तिथे खाणारी पोरंसुद्धा सांगायची. पण तो बसू द्यायचा. एक प्लेट चायनीज भेळ चौघांत मागवा आणि दिवे लागेपर्यंत बसा, त्याची काही तक्रार नव्हती. पोरं जेवायला येतात तशी बसायलाही येतात, ही एवढीशी गोष्ट त्याला कळली. तुम्हाला मी ती किती परींनी सांगितली. बाहेर एक बाक टाका म्हटलं. दुपारी दार उघडं ठेवा, मी बसते गल्ल्यावर म्हटलं. मुलींसाठी आतली बाजू करू म्हटलं, कारण माझ्या मैत्रिणी घरून आणलेला डबा जिन्यात बसून खायच्या, त्यांना जायला जागाच नव्हती. गाढवापुढे वाचली गीता, असं वडिलांना म्हणू नये, पण मी मनात रोज म्हणायचे.

आणि मला स्वतःला तर तुम्ही उंबऱ्याच्या आत घेतलंच नाहीत. आई पोळ्या लाटायची, सोबत शेजारच्या मावशी, त्या दोघी आत तुम्हाला चालायच्या. मी आत पाऊल टाकलं की, "धूर लागंल, जा, अभ्यासाला बस." आमटीची फोडणी तर तुम्ही मी नसतानाच द्यायचात, जसं काही मी ती चोरून विकणार होते. त्या आमटीसाठीच तुमची विचित्र शिस्त पोरं सहन करायची, आप्पा. काळ्या मसाल्याचा वास रस्ता ओलांडून कॉलेजच्या फाटकापर्यंत यायचा. मला त्या आमटीचा वास ठाऊक आहे, चव ठाऊक आहे. ती होते कशी, हे ठाऊक नाही. एकदा मी सरळ विचारलं, शिकवा मला, मला ही खाणावळच चालवायची आहे. तुम्ही हातातलं ओगराळं खाली ठेवलंत. "शिकून सवरून कालथाच धरायचा, तर तुला शिकवलं कशाला?" तुमच्या या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर होतं, पण तुम्ही ते ऐकायला थांबला नाहीत.

मग तुम्हाला ताप आला. मी शेवटच्या वर्षाला होते. सिडकोतल्या घरी तुम्ही गोधडीत कुडकुडत पडलेले, आणि आई म्हणाली, आज गाळा बंद ठेवू. मी म्हटलं, बंद नाही ठेवायचा. त्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नाही. अजूनही तो दिवस माझ्या डोळ्यांपुढे चालू आहे. भट्टी पेटत नाही, आई घाबरी झाली आहे, मावशी मला हसत आहेत. डाळ मी शिजवते, मसाला अंदाजाने घालते, लसूण भरपूर ठेचते, आंबटपणाला चिंच सापडत नाही म्हणून आमसुलं टाकते. बटाट्याची भाजी थोडी लागते, पण आमटीला तवंग येतो. मी झारा वाजवत नाही. दार उघडं ठेवते. पोरं येतात, जेवतात, आणि उठा म्हणून कुणी ओरडत नाही म्हटल्यावर एकमेकांकडे बघतात, मग बसतात. सटाण्याचा मुलगा नेहमीसारखा उशिरा येतो आणि त्याला गरम भात मिळतो. चिंच नाही तर आमटीला चव कशी आली, असं आई विचारते. मी इतकी खुश आहे की मला ऐकूच येत नाही.

आणि मग दारात तुम्ही. अंगावर शाल, डोळे लाल, बस पकडून आलेले. पोरांसमोर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, तेवढा मोठेपणा तुमच्यात होता. शेवटचा मुलगा हात धुवून जाईपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिलात. मग म्हणालात, "कॉलेज बुडवून हे धंदे?" मी वाटीत आमटी घेतली आणि तुमच्यापुढे धरली. मला शाबासकी नको होती. मीठ कमी आहे, मसाला करपला, आमसूल कुणी आमटीत घालतं का, काहीही म्हणाला असतात तर चाललं असतं. तुम्ही वाटीकडे बघितलंत आणि ती तशीच कट्ट्यावर ठेवलीत. "परत हितं दिसायचं नाय," म्हणालात. चमचाभरसुद्धा चाखली नाहीत, आप्पा. तापात तोंडाला चव नसते, असं आई मला रात्रभर समजावत होती. ताप उतरल्यावर कोणती चव आली होती तुमच्या तोंडाला?

त्यानंतरचं तुम्हाला ठाऊकच आहे. मला अंबडच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात नोकरी लागली, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी पर्स आणलीत. तपकिरी, चेनची, आत आरशाला कप्पा असलेली. मेनरोडवर किती दुकानं पालथी घातली होतीत, ते आईने सांगितलं. तुम्हाला ती माझ्या खांद्यावर बघायची होती. मी ती खांद्याला अडकवली आणि बसस्टॉपपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर चालत आलात, रस्त्यात भेटेल त्याला "हापिसात लागली" म्हणून सांगत. तुमचा आनंद मला दिसत होता, आणि त्या आनंदाचा मला इतका राग येत होता की पर्सचा पट्टा मी मुठीत पिळून धरला होता. ज्या अंबडने तुम्हाला हाकललं, तिथेच मला पाठवून तुम्ही जिंकल्यासारखे दिसत होतात. मी अजून तिथेच आहे. दुपारी कंत्राटदाराच्या कँटीनमध्ये जेवते, पिवळं पाणी वाढतात त्याला डाळ म्हणतात.

इकडे चपलांचा ढीग कमी होत गेला. पिंपळाखालच्या खुर्च्या वाढल्या, त्यावर पत्रा आला. तुम्ही झारा आणखी जोरात वाजवायला लागलात. एका रविवारी मी गाळ्यावर आले तर आत काही नव्हतं. मोठी पातेली, पराती, झारा, ओगराळी, सगळं तुम्ही दिंडोरीकडच्या आपल्या गावाला, देवळाच्या भंडाऱ्यासाठी देऊन टाकलं होतंत. आईला ठाऊक होतं. मला नव्हतं. मी एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलं? तुम्ही म्हणालात, "तुझी नोकरी हाय ना चांगली. तुला काय करायचीत भांडी?" हे तुम्ही प्रेमानेच म्हणालात, तेही मला कळलं, आणि म्हणूनच मी तुमच्यावर धड ओरडूही शकले नाही. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. आमटी तुमच्याबरोबर गेली. आईलाही ती येत नव्हती. तिने आयुष्यभर पोळ्याच लाटल्या.

आता जे झालं ते सांगते आणि थांबते. त्या पिझ्झाच्या दुकानातून बाहेर पडले तर फुटपाथवर एक माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. पोट सुटलेलं, केस विरळ, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तोच सटाण्याचा मुलगा, आता त्याच कॉलेजात शिकवतो. "ताई ना तुम्ही? आप्पांच्या?" म्हणाला. तिथेच उभा राहून तो तुमच्या आमटीबद्दल बोलायला लागला. तुम्ही कितीदा दार लावून घेतलंत, ते त्याच्या लेखी नव्हतंच. आमटी तेवढी होती. त्याची बायको माहेरी गेली होती. मी त्याला रविवारी जेवायला बोलावलं, आणि बोलावल्यावर घरी येऊन कपाळाला हात लावला. कारण मला येते ती आमटी माझी आहे. लसूण जास्त, आमसूल, आणि तवंग येईपर्यंत मंद आचेवर ठेवलेली. तुमच्यात आमसूल नव्हतं, एवढं नक्की.

तो आला. माझ्या मुलांशी बोलला, हात धुतले, ताटावर बसला. आमटीचा पहिला भुरका मारला आणि हातातला घास तसाच धरून थांबला. मला वाटलं, आता म्हणेल, ही ती नाही. त्याने वाटी सरळ तोंडाला लावली, रिकामी करून पुढे केली आणि म्हणाला, "हीच शे ती, ताई. आप्पांच्या हातची."

मी खरं सांगायला हवं होतं. ही त्यांची नाही, त्यांनी मला काही शिकवलं नाही, ही मी केली आहे, माझी मी. हेच वाक्य इतकी वर्षं माझ्या तोंडाशी होतं, आणि ते बोलायची याहून चांगली वेळ आयुष्यात येणार नव्हती. मी "हो, त्यांचीच" म्हटलं आणि वाटी भरून आणायच्या निमित्ताने आत गेले. गॅसपाशी उभी राहिले, आणि मला राग येईना. मी वाट बघितली, तरी येईना. बरं वाटत होतं, आप्पा. तुमच्यावर रागावायला बसलेल्या बाईने हे पत्रात लिहायला नको होतं. म्हणूनच हे पत्र तुमच्या फोटोपुढेसुद्धा ठेवणार नाही. तुम्हाला ते कळलेलं मला चालणार नाही.