तशी कॉफी कोणाला येत नाही

९ मार्च
ईशा सकाळच्या गाडीने पुण्याला गेली. परीक्षा संपेपर्यंत आता येणार नाही. जाताना कॉफीचं सगळं सामान ओट्यावर ठेवून गेली. कॉफी गाळायचा चिनी मातीचा पांढरा कोन, त्यात घालायच्या कागदी गाळण्यांचं पाकीट, पावडरीचा डबा. म्हणाली, "आई, दिवसातून एकदा तरी स्वतःसाठी काहीतरी कर."
पोरगी हॉस्टेलला राहते नि तिला सुचतं. इथे एका छपराखाली राहणाऱ्यांना...
दुपारी करून बघितली. पाणी भसकन पडलं, कागद कोनातच खचला, सगळा चोथा कपात. तरी प्यायले.

१४ मार्च
जमतंय. आधी नुसत्या गरम पाण्याने कागद ओला करायचा, ते पाणी फेकायचं. मग पावडर. थोडंसं पाणी घालून थांबायचं. पावडर फुगून वर येते, फसफसते. ती बसली की मग बारीक धार, गोल गोल. पातेल्याने धार धरता येत नव्हती. वरच्या फळीवर सासूबाईंचं तोटीचं तुपाचं भांडं होतं, ते काढलं. त्या गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. राख लावून घासलं.
थांबायचं असतं हे ईशा तीनतीनदा सांगून गेलीय. थांबणं मला शिकवावं लागत नाही. बी.एस्सी., बी.एड. होऊन म्हसावदच्या या स्वयंपाकघरात वीस वर्षं थांबलेच आहे.
सं. नवरा असून एवढंच म्हणाला, "एक कप कॉफीला एवढा सोहळा?" आणि शहाद्याला दुकानावर गेला. बियाणं-खताचं दुकान, सकाळी जातो ते दिवेलागणीला येतो.

२२ मार्च
आज अण्णा चक्क स्वयंपाकघरात आले. सासरे कधी उंबऱ्याच्या आत येत नाहीत. बाहेरच्या खाटेवरून खाकरतात, की आपण चहा न्यायचा.
"हाई काय करी ऱ्हायनी व ईशानी माय?"
कॉफी म्हटलं. दूध घालू का विचारलं, तर म्हणे जशी तू पेतेस तशी दे. एक घोट घेऊन तोंड वाकडं.
"कडूजहर शे!"
पण कप रिकामा करून गेले.

५ एप्रिल
अण्णा आता रोज येतात. दाराशी पाट टाकून बसतात. सकाळी सं. गेल्यावर, ऊन अंगणात उतरायच्या आत. आधी साखर घालून घेत, ती अर्ध्यावर आली, मग बंद. मी पाणी ओतताना नुसते थेंबांकडे बघतात. गावातली भांडणं मिटवायला ज्याला बोलावणं येतं तो माणूस माझ्या ओट्यापुढे मांडी घालून.
खोटं कशाला लिहू, बरं वाटतं. या घरात मी हाताने केलेलं काहीतरी कोणी लक्ष देऊन बघतंय.

१९ एप्रिल
आज सासूबाईंचा विषय त्यांनीच काढला. तुपाच्या भांड्याकडे बघत बसले होते. म्हणाले, "तिन्हा चहा नेहमी थंडा व्हई जाये. सगळास्ले देता देता. मी कधी देखं नही."
सासूबाईंचा तो गार चहा मलाही आठवला. मग माझ्याकडे बघून, "तू तुन्ही आधी पी. मंग माले दे."
ते गेल्यावर सिंकशी उभी राहून रडले.

४ मे
तळोद्याच्या एका निवासी शाळेत विज्ञानाची शिक्षिका हवी आहे. डोंगरातल्या गावांतल्या मुली शिकायला येतात. जुन्या मैत्रिणीने, वैशालीने फोन करून सांगितलं, ती तिथेच आहे. तिथेच राहावं लागेल, शनिवारी दुपारी घरी, सोमवारी पहाटे परत. सं.ला न सांगता अर्ज केला.

११ मे
मुलाखत झाली. माहेरी नाशिकला शिकवलं होतं तेवढाच अनुभव, लग्नाआधीचा. घाम फुटला होता. फळ्यावर पानाची आतली रचना काढायला सांगितली. खडू हातात घेतला आणि हात आपोआप चालायला लागला. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "चित्र छान काढता तुम्ही."
येताना जीपमध्ये चेंगरून बसले होते, दोन्हीकडून पपईच्या करंड्या. हसू येत होतं एकटीलाच.

१३ मे
जागा मिळाली. पंधरा जूनला हजर व्हायचं.
सगळ्यात आधी अण्णांना सांगितलं. सं.च्याही आधी. कप खाली ठेवला. मग, "तू जाय. संजयले मी सांगसू. सैपाकले बाई लावसूत. पोर मोठी व्हई गयी, आते कसाले थांबतेस?"
पाया पडले त्यांच्या. एरवी सणावारी पडते ते वेगळं.

१४ मे
सं.ला सांगितलं. त्याने ताट सरकवलं. "तुला इथे काय कमी शे?" मी म्हटलं अण्णांशी बोल. म्हणाला, रेखाताईला बोलावतो, सगळे बसून ठरवू.
माझ्या नोकरीचं ठरवायला नणंद शिरपूरहून येणार. येऊ दे. अण्णा आहेत.

२० मे
लिहायचं नव्हतं. पण नाही लिहिलं तर डोकं फुटेल.
रेखाताई आल्या. पुढच्या खोलीत सगळे. मी दाराशी. ताई म्हणाल्या, "मनीषा, तू जाशी तळोदाले, मंग अण्णानं कोन करी?" मी म्हटलं, बाई लावू, शनिवार-रविवार मी आहेच. सं. खाली बघत. ताई म्हणाल्या, बाईच्या हातचं अण्णांना चालेल का, त्यांनाच विचारा.
मी अण्णांकडे बघितलं. अगदी निर्धास्त बघितलं, तेच आठवून अंगाची लाही होते.
अण्णा धोतराचा सोगा नीट करत राहिले. मग म्हणाले, "मी काय सांगू. पन सकायले माले कॉफी कोन दी? तशी कॉफी कोनले येस नही."
सगळे हसले. ताई तर टाळी देऊन. "देखा! म्हातारानं मन कशाम्हा शे!" सं.सुद्धा हसला, सुटल्यासारखा. झालं. विषय संपला. मी पोह्यांच्या बशा उचलून आत आले.
ताईंचा राग नाही. सं.कडून कधी आशाच नव्हती. पण अण्णा...
आणि कारण काय दिलं, तर कॉफी. माझी कॉफी.

२१ मे
अण्णा नेहमीच्या वेळेला आले. पाट ओढून बसले, काही झालंच नाही अशा थाटात.
मी एकच कप केला. त्यांच्यासमोर उभी राहून प्यायले.
"मन्ही?"
"पातेल्यात चहा आहे."
चहा घेतला नाही. बसून राहिले, मग उठून गेले. मला वाटलं होतं बरं वाटेल.

२४ मे
रोज येतात. रोज एकच कप. आज विचारलंच. "तुम्ही जा म्हणाला होतात ना मला?"
"व्हय, म्हनेल होतू."
"मग?"
भिंतीकडे बघत म्हणाले, "चार माणसांम्हा तोंड उघडं नि भलतंच बाहेर पडनं." मग हळूच, "माले भेव वाटना व, मनीषा. घर रिकामं व्हई जाई."
पहिल्यांदा नावाने हाक मारली. वीस वर्षांत. आणि ती यासाठी.
भीती त्यांना वाटली, दार माझं बंद झालं. मी चुलीवरचं दूध उतरवलं.

३० मे
सं. ओरडला. "म्हाताऱ्या माणसाला एका कपासाठी छळतेस? लाज नाही?" मी म्हटलं, एका कपासाठी तुम्ही मला डांबलंत, ते? ताडकन उठून बाहेर गेला.
ईशाचा फोन. तिला काही सांगितलं नाही. "कॉफी करतेस ना गं?" करते म्हटलं. कडू होतेय हल्ली, पावडर जुनी झाली असेल. ती म्हणाली पाणी जास्त उकळत असेल. असेल.

६ जून
गिरणीवरून आले तर स्वयंपाकघरात अण्णा. ओट्यावर सगळीकडे पाणी, पावडर सांडलेली, कागद न भिजवताच उलटा घातलेला. बोटाला चटका. मला बघून चोरासारखे उभे राहिले.
"शिकाडी दे माले."
त्यांचं बोट नळाखाली धरलं. हळद लावली. ओटा पुसला. शिकवलं नाही.
दुपारभर डोळ्यांसमोर ते बोट. आणि सगळ्यांचं हसू. दोन्ही.

९ जून
शाळेतून फोन. येताय ना, नाहीतर दुसऱ्या बाईंना कळवायचं आहे.
"येतेय," म्हटलं.
फोन ठेवला तेव्हा मागे सं. उभा होता. "गेलीस तर..." म्हणाला आणि पुढचं बोललाच नाही. त्याला स्वतःलाच माहीत नसेल पुढे काय.

१२ जून
बॅग भरतेय. उघड्यावर, पुढच्या खोलीत. सं. बाजूने ये-जा करतो. रेखाताईंचा फोन येऊन गेला, मी घेतला नाही. स्वयंपाकाला शेजारच्या आळीतल्या सखूबाईंना सांगून ठेवलंय. सं.ने हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.
कोन न्यायचा का? बॅगेत ठेवला, काढला, ठेवला. ईशाने मला दिलाय. माझा आहे.
शेवटी बॅगेतच ठेवला.

१५ जून
सं. आज मुद्दाम लवकर दुकानावर गेला. म्हणजे स्टँडवर सोडायला कोणी नाही. चालत जाईन, म्हसावद एवढं काही मोठं नाही. जीप भरली की निघते, तिला माझी वाट बघायची सवय नाही.
सकाळी कॉफी केली नाही. सगळं बांधलेलं. अण्णांसाठी चहा ठेवला, थर्मासमध्ये.
तयार होऊन पुढे आले तर बॅग जागेवर नाही. अण्णा बाहेर दारापुढच्या ओट्यावर बसलेत. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, पायात चपला. बॅग त्यांच्या गुडघ्यांमध्ये आणि दोन्ही हात तिच्या बंदावर, गच्च.
"अण्णा, बॅग द्या. उशीर होतोय."
ऐकलं. मान वर केली नाही. हातही काढले नाहीत.
टोपी घालून बसलेत म्हणजे स्टँडपर्यंत घेऊन येणार आहेत? की बॅग सोडणारच नाहीत?
चष्मा विसरला म्हणून आत आलेय. डोळ्यांवरच आहे. एवढं लिहिते आणि बाहेर जाते.