कानातली वायर

रविवार, ११ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. बोटीवरून उतरून कुठल्यातरी बंदरात स्वस्तात पटकावलास ना हा गाण्यांचा प्लेअर? काडेपेटीएवढा जीव आणि त्याला हातभर वायर. मला वाटलं, बाबा तो कपाटात टाकतील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेअर शर्टाच्या खिशात, बोंडं कानांत, आणि शिलाई मशीनवर बसले ते बसलेच. गिऱ्हाईक आलं की माप घेतात, कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख दाखवतात, पुन्हा मशीन. आई गेली म्हणून चार शब्द बोलायला आलेली माणसं वायर बघून आल्या पावली परत जातात. मी जेवायला हाक मारते तर खांद्याला हात लावावा लागतो. बहिरे करून ठेवलेस रे तू बाबांना!

एक मात्र झालं. त्यांचे कान बंद म्हणून मला घरात मोकळं वाटतं. चार लोकांत गा म्हटलं तर मी मेले तरी गाणार नाही, तुला माहीत आहे. पण आता ओट्याशी खुशाल गुणगुणते. दुकानाच्या खोलीतला फोन घेऊन तुझ्या दाजींशी मनातलं बोलते, बाबांच्या पाठीमागे उभी राहून.

आईला जाऊन दोन महिने होत आले आणि मला अजून रडू आलेलं नाही. भांडी घासते, कपडे वाळत घालते, झोपते. कोणी चिमटा काढला तरी कळणार नाही असं झालंय. बाबांचंही तेच. घरात दोन माणसं आहेत आणि कोणीच नाही. दाजी तिकडे एकटे हात भाजून घेतायत, विचारतात कधी येतेस. काय सांगू?

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण आहेच, तूही ठेव.

तुझी,
अक्का


सोमवार, २ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र कंपनीच्या थैलीतून आज हातात पडलं. शिव्या खाल्ल्या, पोट भरलं.

बाबांच्या कानातलं काढू नकोस गं. ऐकू दे त्यांना. आईची सगळी आवडती गाणी शोधून त्यात भरली आहेत. काजं करताना म्हणायची ते पहिलंच. गंमत सांगू? मूळ गाणं ऐकलं तेव्हा कळलं, आई अंतरा साफ चुकवायची! चाल जिथे वर चढते तिथे ती खाली उतरायची, तीही अगदी ठसक्यात. आणि आपण दोघं तेच शिकलो. मी इथे इंजिनरूममध्ये इतकी वर्षं चुकीचं गाणं गातोय, कोणी दुरुस्तही केलं नाही.

आईला शेवटचं बघायला मिळालं नाही, त्याबद्दल काय लिहू? लिहायला बसलो की काहीच येत नाही. वायरी जोडतो, पाळी संपली की झोपतो. तुझ्यासारखंच.

प्लेअर स्वस्तातला आहे, त्याचा दम तेवढाच. दिवसभर वाजला की संध्याकाळी मान टाकतो. रोज चार्जला लावायला लागतो, तेवढं बाबांना सांग. चार्जर खोक्यातच आहे.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
ठोंब्या


रविवार, २२ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घाईघाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. तुझं पत्र वाचून बाबांचा प्लेअर चार्जला लावावा म्हणून दुकानाच्या फळीवरचा खोका काढला. चार्जर होता, पण त्याची पिशवी फोडलेलीसुद्धा नाही. चिकटपट्टी जशीच्या तशी. तूच म्हणतोस की एका दिवसात हा मान टाकतो. म्हणजे इतके दिवस बाबांच्या कानात काहीही वाजत नाहीये. नुसती वायर आहे!

अरे देवा, मी काय काय बोलले त्यांच्या पाठीमागे! परवाच दाजींना म्हटलं की इथे माझा जीव गुदमरतो, मला माझ्या घरी यायचंय, पण बाबांना टाकून आले तर लोक काय म्हणतील आणि मी स्वतःला काय म्हणू. बाबा तेव्हा कॉलर लावत होते. मशीन थांबलं नाही, मानही वळली नाही.

खोका होता तसा ठेवून दिला. त्यांच्याकडे बघायची सोय राहिली नाही. काय करू, सांग. तुझं उत्तर येईपर्यंत मीही बहिरी होऊन राहते.

जपून राहा. मला विसरू नकोस.

तुझी,
अक्का


मंगळवार, २४ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

एकाच छपराखाली राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. तोंडाने बोलायला गेलो तर तू ‘काही नाही हो बाबा’ म्हणशील आणि विषय तिथेच संपेल. तू खोका उघडलास ते मला कळलं. फळीवर परत ठेवलास तो उलटा.

तुझ्या भावाने हौसेने पाठवलं. पहिल्या दिवशी पहिलं गाणं लावलं. गाणारी बाई गाते छानच. पण अंतऱ्यात तिची चाल वर गेली आणि मला घाम फुटला. तुझी आई तिथे खाली उतरायची. आणखी चारदा ऐकलं असतं तर आईचं डोक्यातून पुसलं गेलं असतं. बंद केला तो केलाच. वायर तेवढी कानात ठेवली. वायर दिसली की लोक ‘कसं झालं हो’ विचारत नाहीत. किती जणांना सांगू कसं झालं?

मग एका दुपारी तू ओट्याशी तेच गाणं म्हटलंस. तसंच, खाली उतरून. सुई बोटात गेली ती मला कळलीही नाही. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर डाग दिसला तेव्हा कळलं. त्यानंतर वायर काढायचा धीर झाला नाही. काढली असती तर तू गप्प झाली असतीस.

पण त्याच कानांनी तुझं फोनवरचंही ऐकलं, पोरी. ऐकून गप्प बसलो. तू गेलीस तर ओट्याशी कोण गुणगुणणार, एवढंच मनात होतं. हा माझा स्वार्थ. आता पुरे झालं. जावईबापूंना मीच फोन केलाय, रविवारी ते तुला न्यायला येतायत. माझं मी करून खाईन. करपलं तर करपलं.

जाण्याआधी माझं एक काम कर. प्लेअर आज पहिल्यांदा चार्ज केलाय, या पत्रासोबत तुझ्या पिशवीवर ठेवलाय. त्यात आवाजही भरता येतो, तसं खोक्यावर चित्र आहे. ओट्याशी उभी राहा, नळ चालू असला तरी चालेल, आणि ते गाणं त्यात म्हण. मी तेवढ्यात दोरा आणायला बाहेर जातो, म्हणजे तुला लाज वाटायला नको.

सुखाने नांद. अधूनमधून या म्हाताऱ्याला चार ओळी टाक.

तुझे,
बाबा

ता. क. खरी चाल कशी आहे ते एव्हाना तुलाही कळलं असेल. अंतरा दुरुस्त करून म्हणू नकोस.