एका सुस्काऱ्याची गोष्ट

चि. सौ. राजलक्ष्मीस अंथुर्ण्याहून थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. (वजन सोडून तुझं सगळं वाढो.)

तब्येत बरी ना? पोट लहान करायच्या ऑपरेशनला वर्ष झालं. रविवारी बारामतीला तुझ्याकडे जीपभर नातेवाईक शहाळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन आले, बनामावशी तुझ्या गळ्यात पडून रडली, असं कळलं. ती माणसं का आली, ते सांगायला हे पत्र. फोनवर तू मध्येच हसतेस, मग माझं राहूनच जातं.

इंदापुरात मामाच्या वैष्णवीच्या साखरपुड्याला तू आलीस ती चाळीस किलो उतरवून. मी तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, तरी मुलाकडच्या एका बाईनं मला विचारलं, "ही तुमची लेक व्हय?" पंगतीत तू सांगत होतीस की वजनाबरोबर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसही कमी झाला, म्हणजे पेशींना आतून गंज चढल्यासारखं होतं ते थांबलं, डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. (बायका घास हातात धरून ऐकत होत्या.) चार घास खाऊन तू उठलीस. माझ्या पानात तिसरी जिलेबी होती. तुझा उतरलेला गंज कुठं गेला, ते मला तिथंच कळलं.

बनामावशी वाढायला होती, तिनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ती माझ्या कानाशी वाकली. "सुप्रिये, पोरगी पार वाळली गं. शुगर हाय का दुसरं काय?" तू हौसेनं ऑपरेशन करून घेतलंस, एवढं सांगायला काय लागत होतं? मी सुस्कारा सोडला. "सासरी खायाला देत न्हाईत व्हय?" मी पदर डोळ्यांना लावला. (आमटी तिखट होती. पण इतकी नव्हती.) तो सुस्कारा मावशीबरोबर तिच्या भिगवणला पोचेपर्यंत तू महिन्याची सोबती झाली होतीस. तुझ्या सासूबाईंना मावशीकडून जे ऐकून घ्यावं लागलं, त्याची माफी मी समक्ष येऊन मागेन.

तुझी,
सुप्रियाआक्का

ता. क. मावशीला काल फोन करून खरं सांगितलं. म्हणाली, "मग मला रडवलीस कशाला? शहाळी तरी माघारी आण."

आणखी एक. लहानपणी आपण एका ताटात जेवायचो आणि लोक दोघींना मिळून जाड म्हणायचे. अर्धं तुझ्या वाट्याला जायचं, म्हणून मला फारसं लागायचं नाही. पुढच्या पंगतीला चार घासांत तुझं पोट भरलं तरी उठू नकोस. माझं होईपर्यंत हात वाळवत बस.